हमीदा बानू : जिच्याशी जोड लावायची कुणाशी, हेच कुणाला ठरवता आलं नाही

मिठबाव (प्रतिनिधी) :

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली महिला बॉक्सिंगवरून केवढा गदारोळ झाला, ते तुम्ही मोबाईलवर बघितलंच असेल. ही बाई आहे का, हिला बायकांमध्ये खेळू द्यायचं का, हिच्या रक्तात काय आहे, हिचे जनुक काय सांगतात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुद्धा लोक डॉक्टर असल्यासारखे बोलत होते.

पण मंडळी, हा वाद आजचा नाही. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच मुंबईत, पुण्यात आणि कोल्हापुरात एका बाईवरून असंच रण माजलं होतं. फरक एवढाच की तेव्हाचा प्रश्न उलटा होता. आज विचारतात, हिला बायकांमध्ये का घेतलं? तेव्हा विचारत होते, ही पुरुषांच्या आखाड्यात का उतरली?

तिचं नाव हमीदा बानू. भारतातली पहिली व्यावसायिक महिला पैलवान म्हणून तिला ओळखतात. 4 मे 2024 रोजी गुगलने आपल्या पहिल्या पानावर तिचं चित्र लावलं, तेव्हा नव्या पोरांना नाव कळलं. आयुष्याची शेवटची वर्षं तिने आपल्या महाराष्ट्रात, कल्याणला काढली. म्हणून ही गोष्ट आपलीही आहे.

मिर्झापूरची मुलगी, अलिगढची तालीम

हमीदा बानूचा जन्म 1920 च्या आसपासचा, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचा. घरात कुस्तीचं वातावरण होतं. पण त्या काळात मुलीने लंगोट कसणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? दशावतारात पुरुषाने लुगडं नेसून राणी केली तर पहाटेपर्यंत लोक हलत नाहीत, कौतुक करतात. पण बाईने पुरुषाचं काम केलं की कुजबुज सुरू.

मिर्झापूर सोडून ती अलिगढला गेली. तिथे सलाम पैलवान नावाच्या वस्तादाकडे तिने धडे घेतले. आखाड्यात जोडीला मुली नव्हत्याच. त्यामुळे सराव पुरुषांशी, डाव पुरुषांचे आणि पुढे कुस्त्याही पुरुषांशीच. 2016 साली आलेला 'दंगल' सिनेमा बऱ्याच जणांनी बघितला असेल. त्यात हरियाणाच्या मुली सुरुवातीला मुलांशी लढतात. हमीदा ते काम त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी करत होती, आणि तिच्या मागे ना सरकार होतं, ना फेडरेशन, ना टीव्ही.

तिचं शरीर तालमीतलं होतं. उंची 5 फूट 3 इंच, वजन 108 किलो. वर्तमानपत्रांना तिच्या कुस्तीपेक्षा तिच्या जेवणात जास्त रस असायचा. रोजचं साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, 450 ग्रॅम बदाम, अर्धा किलो लोणी, 6 अंडी, दोन मोठे पाव आणि दोन प्लेट बिर्याणी, असा तिचा खुराक छापून आला होता. 9 तास झोप आणि 6 तास मेहनत. खुराकाचा आकडा वाचून लोक हसायचे. 6 तासांच्या मेहनतीचा आकडा मात्र कुणाच्या लक्षात राहत नसे.

मुंबईत वीस हजार माणसं

1944 साली मुंबईत तिची कुस्ती गुंगा पैलवानाशी ठरली. बघायला सुमारे 20,000 माणसं जमली. आयत्या वेळी गुंगा पैलवानाने जास्त पैसे आणि तयारीला आणखी वेळ मागितला आणि कुस्ती रद्द झाली. चिडलेल्या गर्दीने मैदानात मोडतोड केली. विचार करा, लाऊडस्पीकरची गाडी आणि भिंतीवरचे कागद एवढीच काय ती जाहिरात, तरी एका बाईची कुस्ती बघायला वीस हजार लोक.

पुढच्या दहा वर्षांत ती गावोगाव, शहरोशहर फिरली. 1954 पर्यंत आपण 300 च्या वर कुस्त्या जिंकल्याचं ती सांगायची. वर्तमानपत्रं तिला अलिगढची ॲमेझॉन म्हणायला लागली. ॲमेझॉन म्हणजे जुन्या ग्रीक कथांमधल्या लढवय्या बायका.

लग्नाची पैज

फेब्रुवारी 1954 मध्ये तिने जाहीर आव्हान दिलं. जो पुरुष मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. तेव्हा ती तिशीत होती.

ही पैज नीट बघा. पुरुष पैलवान हरला तर त्याची इज्जत आणि इनाम जाणार. ही हरली तर हिचं सगळं आयुष्य जाणार. बाईला आखाड्यात यायचं तर इनाम म्हणून स्वतःलाच मांडावं लागत होतं. त्याशिवाय तिकीट खपत नव्हतं.

एक पतियाळाचा आणि एक कलकत्त्याचा, असे दोन नामवंत पैलवान तिने पाडले. मे महिन्यात ती बडोद्याला आली. ट्रक आणि इतर गाड्यांवर तिची पोस्टरं लावून शहरभर फिरवली होती. तिथे तिची गाठ पडायची होती छोटे गामा पैलवानाशी, ज्याच्या पाठीशी बडोद्याचे महाराज होते. त्याने शेवटच्या क्षणी माघार घेतली, कारण काय तर बाईशी लढणार नाही. मग उभा राहिला बाबा पैलवान. ही कुस्ती 1 मिनिट 34 सेकंद चालली. बाबा पैलवान चितपट. लग्नाचा विषय तिथेच मिटला. या कुस्तीनंतर आपण आखाडा सोडत असल्याचं बाबा पैलवानाने सांगून टाकलं.

त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्टिलिनशी ती लढली. या रशियन बाईला मादी अस्वल म्हणायचे. तिला हमीदाने मिनिटाच्या आत पाडलं. म्हणजे समोर बाई असो की पुरुष, निकाल एकच.

कोल्हापूरचे दगड, पुण्याची बंदी

पण प्रत्येक ठिकाणी जयजयकार झाला असं नाही. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ पदक आणलं, त्याच्या आगेमागेचाच हा काळ. अशा कोल्हापुरात हमीदाने शोभा सिंग पंजाबीला पाडलं, तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. लोकांचं म्हणणं, ही नुरा कुस्ती आहे. म्हणजे आतून ठरवलेली.

पुण्यात रामचंद्र साळुंके या पैलवानाशी तिची जोड ठरली होती. तिथल्या कुस्ती संघटनेनेच हरकत घेतली आणि कुस्ती रद्द झाली.

तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हाही नव्हता. आपण रत्नागिरी जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. हमीदाने थेट त्यांच्याकडे दाद मागितली. त्यांचं उत्तर असं आलं की बाई आहे म्हणून कुस्तीला मनाई केलेली नाही, तर तिच्यासमोर खोटे, नावापुरते पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून केली आहे.

तिच्या काही कुस्त्या ठरवून झाल्या असतील का? हा संशय तिच्या हयातीतही होता आणि नंतरच्या पुस्तकांतही आहे. त्या काळी व्यावसायिक दंगलीत नुरा कुस्ती हा सर्रास प्रकार होता आणि पुरुष पैलवानही त्यातून सुटले नव्हते. पण एक गोष्ट खरी. पुरुष जिंकला की लोक आधी टाळ्या वाजवायचे, मग संशय घ्यायचे. हमीदा जिंकली की आधी संशय. ती हरली असती तर म्हणाले असते, बघा, बाईचं काम नव्हे. जिंकली तर म्हणाले, लबाडी आहे. दोन्हीकडून तिची पाठ मातीलाच.

जोड लावणं म्हणजे न्याय

आता मुद्द्याचं बोलू. कुस्तीत वस्तादाचं पहिलं काम कोणतं? डाव शिकवणं नंतर. आधी जोड लावणं. पोराचं वय बघायचं, वजन बघायचं, किती वर्षांची तालीम आहे ते बघायचं आणि तोलामोलाचा समोर उभा करायचा. जोड चुकली की कुस्तीत मजा नाही, आणि एखाद्याचं हाडही मोडायचं. ऑलिम्पिकमध्ये वजनगट असतात ते याचसाठी.

महिलांचा वेगळा गट हीसुद्धा एक मोठी जोडच आहे. वयात येताना मुलाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. त्याने उंची, हाडं, स्नायू, फुप्फुसं, सगळंच मोठं होतं. 100 मीटर धावण्याचा पुरुषांचा जागतिक विक्रम 9.58 सेकंद आहे, महिलांचा 10.49. फरक साडेनऊ टक्क्यांचा. जिथे खांद्या-दंडाची ताकद लागते तिथे तो आणखी वाढतो. दोघांची एकच शर्यत लावली तर जगातली सगळ्यात वेगवान बाईसुद्धा अंतिम फेरीत दिसणार नाही. म्हणून महिलांचा गट हवाच, आणि तो जपायलाही हवा. यात कुणाचा अपमान नाही.

हमीदाला हा गट मिळालाच नाही. तिच्यासाठी तो तयारच झाला नव्हता. महिला कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा नॉर्वेत 1987 साली झाली. ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती यायला 2004 उजाडलं.

पेशीतला हिशोब

गट झाला की दाराशी प्रश्न येतो, आत कुणाला घ्यायचं? इथे जगाने बरेच घोळ घातले.

1966 साली काही मोठ्या स्पर्धांत महिला खेळाडूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभं करून तपासलं गेलं. ओरड झाली, मग 1968 च्या ऑलिम्पिकपासून गालाच्या आतून पेशी घेऊन गुणसूत्रं तपासायला लागले. शाळेत शिकलो ते असं की बाईची गुणसूत्रं एक्स-एक्स, पुरुषाची एक्स-वाय. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे. 1990 साली वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक सापडलं. गर्भ सहा-सात आठवड्यांचा झाला की हे जनुक दिव्याच्या बटणासारखं चालू होतं आणि बाळाची वाढ मुलाच्या दिशेने वळते.

पण निसर्ग दर वेळी शाळेच्या पुस्तकाप्रमाणे चालत नाही. काही मुली एक्स-वाय गुणसूत्रं घेऊन जन्मतात, पण त्यांच्या शरीराला टेस्टोस्टेरॉनचा उपयोगच करता येत नाही. त्या मुलगी म्हणून जन्मतात, मुलगी म्हणून वाढतात, त्यांना स्वतःलाही काही माहीत नसतं. स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ पाटिन्यो हिला 1985 साली जपानमधल्या स्पर्धेत याच कारणाने बाहेर काढलं. ती लढली आणि 1988 साली तिला परत घेतलं. दुसऱ्या काही जणींमध्ये मात्र गुणसूत्रं एक्स-वाय असतात आणि शरीराला टेस्टोस्टेरॉनचा फायदाही मिळतो. दोन्ही कागदावर सारख्या दिसतात, मैदानावर नाही. खरी अडचण इथे आहे.

आपल्या देशातल्या दोन मुलींनी हे भोगलं. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातली, वीटभट्टी कामगाराच्या घरातली शांती सौंदराजन 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये रौप्यपदक जिंकली. चाचणीनंतर पदक काढून घेतलं आणि ती बातमी सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली. ओडिशाच्या विणकर घरातली द्युती चंद 2014 साली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळली गेली. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015 साली तो नियमच स्थगित झाला. दोघींनी कसलं औषध घेतलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं.

नियम पुन्हा पुन्हा बदलले. सप्टेंबर 2025 पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने महिला गटात खेळायचं तर एकदाच करायची एसआरवाय चाचणी सक्तीची केली. ज्यांच्या शरीराला टेस्टोस्टेरॉनचा काहीच उपयोग होत नाही, त्यांना सूट ठेवली. म्हणजे मार्टिनेझ पाटिन्योवर झाला तो अन्याय परत नको, एवढं तरी शिकले.

काही लोक विचारतात, मग इतर जनुकांचं काय? फिनलंडचा ईरो मँटिरांता 1964 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकला. त्याच्या जनुकातल्या फरकामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी जन्मतःच जास्त होत्या. त्याला कुणी बाहेर काढलं नाही. प्रश्न बरोबर आहे. पण आपण जास्त तांबड्या पेशीवाल्यांचा वेगळा गट केलेला नाही, महिलांचा केलेला आहे. ज्या कारणाने गट केला, त्या कारणाची तपासणी तिथे होणारच. ती कशी व्हावी, हा खरा वाद आहे.

देवगडच्या बागायतदाराला प्रतवारी सांगायला नको. फळ हातात घेतलं की कळतं, हे चार डझनी पेटीत जाणार की सहा डझनी. मधलं एखादं फळ येतंच, ते कुठेतरी ठेवावं लागतं. पण म्हणून ते फळ कुणी खोटं म्हणत नाही, चारचौघांत उचलून त्याची टर उडवत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. नियम कडक असो. पण चाचणी खेळायला सुरुवात करतानाच व्हावी, कागद डॉक्टरपाशी राहावा, आणि निकाल आधी त्या मुलीला कळावा, टीव्हीला नंतर.

कल्याणचे दिवस

1954 सालीच हमीदाने जाहीर केलं की आता आपण युरोपात जाऊन लढणार. आणि त्यानंतर तिचं नाव वर्तमानपत्रांतून जवळजवळ गायब झालं.

पुढे काय झालं, ते खूप वर्षांनी तिच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी सांगितलं. तिचं युरोपला जाणं सलाम पैलवानाला मान्य नव्हतं. त्याने तिला काठीने मारलं, त्यात तिचे हात मोडले आणि पायालाही जबर दुखापत झाली, असं ते सांगतात. कितीतरी दिवस तिला काठीच्या आधाराशिवाय चालता येत नव्हतं. ज्या बाईला आखाड्यात कोणी पाडलं नाही, तिला घराच्या चार भिंतीत पाडलं. आखाड्यात पंच असतो, नियम असतो, बघणारे हजार असतात. घरात यातलं काहीच नसतं.

अलिगढ, मुंबई आणि कल्याण असा त्यांचा राबता होता आणि कल्याणला दुधाचा धंदा होता. सलाम पैलवान पुढे अलिगढला परत गेला, हमीदा कल्याणलाच राहिली. दोघांचं लग्न झालं होतं की नाही, यावर त्यांच्या नातेवाइकांत आजही एकमत नाही. तिने म्हशी सांभाळल्या, दूध विकलं, काही खोल्या भाड्याने दिल्या. हात तंग झाला तेव्हा घरी केलेले खायचे पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. समोर पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला माहीतही नसेल की ही बाई बघायला मुंबईत एकेकाळी वीस हजार माणसं आली होती.

1986 साली ती गेली. महिला कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला एकच वर्ष बाकी होतं.

आपल्या चेडवांसाठी

मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, आणि ती कुठली? कल्याणची. ज्या गावात हमीदा दूध विकत म्हातारी झाली, तिथली मुलगी आता महिलांच्या आखाड्यात, तोलामोलाच्या जोडीशी, हजारो लोकांसमोर लढते. दगड कुणी मारत नाही.

आपल्या तालुक्याच्या शाळांच्या स्पर्धेत दर वर्षी एखादं चेडू असं असतंच, जे कबड्डीत दोघातिघांना ओढून नेतं, खो-खोत हाती लागत नाही, गोळा सगळ्यांच्या पुढे टाकतं. बाहेर उभे असलेले लगेच बोलतात, ही मुलगी नायच, झीलच तो. गंमत म्हणून बोलतात. पण पोरगी ते ऐकते, आणि पुढच्या वर्षी मैदानावर येत नाही.

मुलगी आहे की नाही, ते ठरवायला डॉक्टर आहेत, नियम आहेत, आणि ती वेळ फार थोड्यांवर, फार वरच्या पातळीवर येते. गावच्या मैदानावर आपलं काम एवढंच, जोड बरोबर लावायची आणि जो जिंकेल त्याच्यासाठी टाळी वाजवायची. हमीदा बानूला ती टाळी कोल्हापुरात मिळाली नाही. आपल्या मैदानावरच्या मुलींना तरी मिळू दे.